कळप मावेल असं कार्ड

कझाकस्तानातल्या अल्माटीच्या कॉम्प्युटर बाजारात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून दाउरेनचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक टेबल, तीन फळ्या आणि पाठीमागे भिंत. पण त्या भिंतीवर जे टांगलेलं होतं ते साऱ्या बाजारात दुसरीकडे कुठं बघायला मिळालं नसतं. कार्डांची रिकामी खोकी कापून त्यांच्या पुठ्ठ्यांवर दाउरेन स्वतःच्या हातानं तक्ते लिहायचा. डावीकडे एक ग्राफिक्स कार्ड, उजवीकडे दुसरं, मधे रेघ. मेमरी किती, वीज किती खातं, तापतं किती, पंखा किती ओरडतो, कुठल्या खेळात सेकंदाला किती चित्रं काढतं. सगळं स्वतः लावून, मोजून लिहिलेलं. कंपनीच्या खोक्यावर काय छापलंय ते त्याच्या लेखी जाहिरात होती.

गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "काय करायचंय याचं?"

"खेळायचंय."

"कुठला खेळ? घरी पडदा केवढा आहे? एकटाच खेळतोस की दोस्तांबरोबर?"

"डॉक्टरसुद्धा मला इतकं विचारत नाही," शेजारची गाल्या म्हणायची. गाल्या मोबाइलची कव्हरं विकायची आणि उरलेल्या वेळात दाउरेनला चिडवायची. कव्हरं फारशी खपत नसल्यामुळे उरलेला वेळ बराच असे.

"डॉक्टरनं नाही विचारलं म्हणूनच तुझा गुडघा असा आहे," दाउरेन म्हणायचा. "चुकीचं कार्ड गळ्यात बांधलं असं कुणी म्हटलंय मला? वीस वर्षांत एकानं तरी?"

खरंच कुणी म्हटलं नव्हतं. आणि ज्या माणसाला आपण चुकत नाही याची इतकी खात्री असते तो चुकायला आपल्याच घरचं माणूस निवडतो, हे दाउरेनला त्या सप्टेंबरात कळायचं होतं.

सोमवारी सकाळी सामाल आली. खांद्याला पिशवी, अंगात मोठ्या मापाचा स्वेटर, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी. आत यावं की नाही असा विचार करत असल्यासारखी.

"आगा, वेळ आहे का तुम्हाला?"

आगा म्हणजे थोरला भाऊ. सामाल दाउरेनची सख्खी मुलगी होती.

पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही त्यांच्याकडची जुनी रीत. पोर चाळीस दिवसांची झाली तेव्हा दाउरेनचे वडील, तिचे आजोबा काल्दिबेक अता, डोंगरातल्या केगेन गावाहून आले, तिला आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळली आणि घेऊन गेले. कुणी हिसकावून नेलं नव्हतं. सगळे हसत होते, मांस शिजत होतं, दाउरेननं स्वतः गाडीचं दार उघडून धरलं होतं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि आपण काय देतोय हे त्याला समजलं नव्हतं. समजलं ते दोन वर्षांनी. सुट्टीत तो केगेनला गेला, ती दुडदुडत आली, त्याच्या मांडीला धरून उभी राहिली आणि अतांकडे वळून विचारलं, "हा कोण?" अता म्हणाले, "हा तुझा आगा." झालं. त्यानंतर तो आगाच राहिला. अतांना ती 'तू' म्हणायची, त्यांच्या दाढीत बोटं घालून भांडायची. दाउरेनशी बोलताना मात्र पाहुण्यांसमोर बसल्यासारखी पाठ ताठ.

आता ती एकोणीस वर्षांची होती. अल्माटीत अॅनिमेशन शिकायला आली होती आणि होस्टेलवर राहत होती. तिच्या आईनं, राउशाननं, आपला मार्ग काढला होता. दर रविवारी डबाभर बाऊरसाक, म्हणजे पिठाचे गोळे, तळून होस्टेलवर पाठवायची, आणि डबा रिकामा परत आला की दिवसभर गाणी म्हणायची. दाउरेनला तसा मार्ग सापडला नव्हता. मुलीला काय द्यावं? आणि कुठल्या नात्यानं?

म्हणून ती जेव्हा म्हणाली, "आगा, मला कार्ड हवंय. स्कॉलरशिपचे पैसे साठवलेत मी," तेव्हा दाउरेननं टेबलावरचं सगळं बाजूला सारलं.

"ते पैसे ठेव तुझ्यापाशी," तो म्हणाला. "इकडे बस. गाल्या, चहा!"

"मी काय तुझी नोकर आहे?" असं म्हणत गाल्यानं दोन कप आणलेसुद्धा.

पुढचा तासभर दाउरेननं जे केलं ते बघायला बाजारातली चार माणसं जमली. त्यानं दोन कार्डं टेबलावर मांडली. एकाच कंपनीची, एकाच पिढीची, सख्ख्या भावांसारखी. एक आठ जीबीचं, दुसरं बारा जीबीचं.

"आकड्यांवर जाऊ नकोस," तो म्हणाला. "हे बारावालं आहे ना, ते मंद आहे. याच्यात काम करणारे गाभे साडेतीन हजार. या आठवाल्यात जवळजवळ पाच हजार! मेमरीपर्यंत जायचा रस्ताही याचा रुंद आहे. वीज थोडी जास्त खातं, पण खाणार त्यालाच काम जमणार. थांब, दाखवतो."

त्यानं दाखवलं. आधी एक कार्ड लावून, मग दुसरं. शर्यतीचा खेळ: एकशे बारा चित्रं, आणि मंद भावाची सत्त्याऐंशी. मग त्याची आवडती चाचणी, पडद्यावर एक केसाळ कडं गरगर फिरतं आणि कार्डाला घाम फोडतं. तिथंही आठवालं पुढं. दाउरेन पुठ्ठ्यावर आकडे लिहीत होता, आणि इतक्या वळणदार अक्षरात त्यानं आजवर एकही तक्ता लिहिला नव्हता.

सामाल बघत होती. मधे एकदा तिचं बोट बारावाल्या कार्डाच्या खोक्यावर गेलं.

"आगा, हे..."

"ते राहू दे. ते माझ्या मुलीला देणार नाही मी," दाउरेन म्हणाला. आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन एकदम खोकला.

सामालनं मान खाली घातली. केगेनच्या घरात वाढलेली पोर ती. थोरलं माणूस इतक्या हौसेनं काही देत असताना हे नको, ते द्या, असं म्हणायला तिची जीभ वळली नाही. "छान आहे," ती आभार मानत म्हणाली, "रहमेत, आगा." आणि आठ जीबीचं कार्ड पिशवीत घालून ती गेली.

दाउरेन संध्याकाळपर्यंत शीळ घालत होता.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी सकाळी एक कॉलेजचा मुलगा कार्ड घ्यायला आला आणि दाउरेननं नेहमीची सरबत्ती सुरू केली. काय करायचंय, कुठला खेळ, पडदा केवढा. गाल्या सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐकत होती. मुलगा गेल्यावर ती म्हणाली, "दाउरेन, एक विचारू?"

"नको म्हटलं तर थांबणार आहेस?"

"या पोराला तू नऊ प्रश्न विचारलेस. मी मोजले. त्या दिवशी तुझ्या लेकीला किती विचारलेस?"

दाउरेन टेबलावरच्या तारा गुंडाळू लागला.

"एकही नाही," गाल्या म्हणाली. "काय करायचंय याचं, हेसुद्धा नाही. आणि तू पाठमोरा होऊन तारा जोडत होतास ना, तेव्हा ती दुसऱ्या खोक्यावरचं वाचत होती. ओठ हलवून वाचत होती."

कुणी तोंडात मारली असती तर बरं, असं दाउरेनला झालं. वीस वर्षं परक्या पोरांना विचारत आलेला पहिला प्रश्न तो स्वतःच्या मुलीला विचारायचा विसरला होता. विसरलाही नव्हता. आपल्याला काय द्यायचंय याच्या आनंदात तिला काय हवंय हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानं फोन लावला.

"कसं चाललंय कार्ड?"

"छान चाललंय, आगा."

हे 'छान' दाउरेनला ओळखीचं होतं. शहरातली पहिली दोन वर्षं उपाशीतापाशी काढताना अतांना फोनवर तो हेच सांगायचा.

"सामाल," तो म्हणाला, "काय करायचंय तुला त्याचं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"कळप करतेय," ती म्हणाली. "अतांचा. मावत नाहीये."

तासाभरात ती टॅक्सीनं आपला कॉम्प्युटर घेऊन आली, बाळाला आणावं तशी मांडीवर धरून. आणि मग दाउरेनला सगळं समजलं. रविवारी अतांना ऐंशी पुरी होत होती. केगेनला मोठं जेवण होतं. आणि ऐंशीच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, जिच्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अतांचे गुडघे गेले होते. यंदा डोंगरावरच्या कुरणातून कळप उतरला तो घरी आलाच नाही, खालच्या खालीच पुतण्याकडे गेला. साठ वर्षांत पहिल्यांदा अतांचा गोठा रिकामा होता. सामालला तो कळप त्यांना पडद्यावर का होईना, घरी येताना दाखवायचा होता. मिनिटभराची फिल्म. उन्हाळाभर ती प्रत्येक मेंढराचे फोटो काढत फिरली होती.

"उघड," दाउरेन म्हणाला.

सामालनं फाइल उघडली. एक मेंढी आली, आणि काय मेंढी होती! लोकरीचा केस न् केस वेगळा, पोटाखाली गोखरू अडकलेले. कार्ड झपाझप काम करत होतं. दहा मेंढरं आली. पन्नास आली. ऐंशीच्या पुढं पंखा ओरडायला लागला, आणि शंभराच्या आसपास पडदा थिजला. मेमरी संपली, अशी पाटी आली आणि सगळं बंद.

"एकूण किती आहेत?"

"एकशे सदतीस."

दाउरेन हसला. धंद्यातल्या माणसाला सोपा उपाय दिसला की येतं तसं हसू. "अगं, मग सगळी वेगळी कशाला केलीस? पाच-सहा कर आणि त्यांच्याच नकला काढ. मेमरी लागतच नाही. सगळे असंच करतात. कळपात कोण बघतंय?"

"अता बघेल," सामाल म्हणाली.

दाउरेनचं हसू विरलं. तिचं खरंच होतं. जगातला कुठलाही शहाणा माणूस इथं नकला काढेल. पण धुक्यात नुसतं खोकणं ऐकून मेंढी ओळखणाऱ्या माणसाच्या घरात वाढलेल्या पोरीला हे जमणार कसं? तिच्या लेखी एक मेंढी दोनदा नसतेच.

"बरं. मग मागची काढून टाक ना थोडी. ती धुळीतच आहेत. हे शेवटचं कोकरू, हे तर नीट दिसतही..."

"ते नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली की गाल्यानं मान वर केली. सामाल लाल झाली. "बाकीची एक वेळ काढेन. ते नको, आगा."

तिनं पहिल्यांदाच त्याचं काही मोडून काढलं होतं. गंमत अशी की दाउरेनला वाईट वाटलं नाही. उलट आत कुठंतरी ऊब आली. पाहुण्यांशी कुणी असं ओरडत नाही.

त्यानं आठ जीबीचं कार्ड काढलं आणि तो मंद, कमी गाभ्यांचा, ज्याला त्यानं नावं ठेवली होती तो भाऊ लावला. फाइल उघडली. काम रेंगाळत चाललं होतं. पन्नासाला गाल्यानं चहा आणला, शंभराला तो गार झाला. एकशे दहा. एकशे तीस. एकशे सदतीस. पंखा शांतपणे फिरत होता. डोंगराच्या उतारावर अख्खा कळप उभा होता, आणि सगळ्यांत मागं, धुळीत, ते कोकरू.

"मावला!" सामालनं टाळी वाजवली आणि दाउरेनचा दंड धरला. लगेच सोडलाही. पण धरला होता.

"एका चित्राला दोन मिनिटं घेतोय गडी," दाउरेन घड्याळ बघत म्हणाला. "चौदाशे चाळीस चित्रं. शनिवारी दुपारपर्यंत होईल. होऊ दे इथंच. मी बघतो."

त्यानं भिंतीवरचा सोमवारचा वळणदार तक्ता उतरवला. सगळे आकडे बरोबर होते. त्याच्या वर, जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं तिथं त्यानं एक ओळ लिहिली: काय मावायला हवं, ते आधी विचारा.

रविवारी केगेनचं घर माणसांनी भरलं होतं. अता भिंतीपाशी मानाच्या जागी, उशांना टेकून बसले होते. नवी टोपी, नवा कोट, आणि चेहरा मात्र बळंच सणाला बसवलेल्या मुलासारखा. जेवणं झाली, भाषणं झाली. मग सामालनं मोठ्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. दाउरेन दाराशी राउशानच्या शेजारी उभा होता. तयार फिल्म त्यानंही पाहिली नव्हती. आधी अता, असं सामालनं बजावलं होतं.

डोंगर आला. धूळ आली. आणि धुळीतून मेंढरं उतरू लागली.

अता आधी नुसते बघत होते. मग उशी सोडून पुढं सरकले. "चोरटी," ते पुटपुटले. "ती बघा, चोरटी पुढं. माझ्या तंबूतलं पीठ खायची. ही फाटक्या कानाची. आणि लंगडी! अरे, लंगडी चालली बघा कशी!" ते एकेकीला हाक मारत होते. आजीनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. मिनिट संपलं.

"पुन्हा लाव," अता म्हणाले.

पुन्हा लावलं. या वेळी शेवटाला त्यांनी हात वर केला. "थांबव. ते मागचं कोकरू. ते माझ्यात नव्हतं."

सामालनं चित्र थांबवलं. "नीट बघ ना, अता."

अतांनी चष्मा पुसला. "डावा कान तिरका कापलाय. ही खूण आपली." त्यांनी मान आणखी पुढं काढली. "आणि उजव्या कानाला मागून खाच. ही खूण..."

त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. ती खूण कुणाची हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत असेल, असं दाउरेनला इतकी वर्षं वाटत होतं. लग्नानंतर अतांनी त्याला वाट्याची बावीस मेंढरं दिली होती आणि त्यांच्यासाठी ही वेगळी कानखूण ठरवून दिली होती. वेगळं घर, वेगळी खूण. दोन वर्षांनी दाउरेननं ती बावीसही विकली आणि शहरात दुकान टाकलं. त्यानंतर ती खूण कुठल्याच जनावराच्या कानावर उरली नव्हती.

"तुला कुठं सापडली ही?" अतांनी विचारलं.

"गोठ्याच्या दाराला आतून तू कोरून ठेवलीयस. दोन्ही शेजारी शेजारी."

"दोन खुणांचं जनावर म्हणजे लोक चोरीचं म्हणतील, पोरी."

"चोरीचं नाहीये," सामाल म्हणाली. "ते दोन्ही घरांचं आहे."

गुरुवारी दाउरेन त्याच कोकराला काढून टाक म्हणाला होता. राउशाननं हाताच्या ओंजळीत तोंड लपवलं होतं.

मग बायकांनीच गलका केला. "कोरिमदिक! कोरिमदिक!" नवी गोष्ट पहिल्यांदा बघणाऱ्यानं काहीतरी द्यायचंच, त्यातून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचीही सुटका नाही. अतांनी कमरेचं चामडी म्यान सोडलं. त्यात तो छोटा सुरा होता, ज्यानं साठ वर्षं त्यांनी कोकरांचे कान कापले होते. तो त्यांनी सामालच्या हातात ठेवला आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. बराच वेळ घेतलं.

"आणि तू?" ते दाउरेनला म्हणाले. "तूही आजच बघितलंस ना? नुसता उभा काय?"

"कार्ड दिलंय मी, अता," दाउरेन कसाबसा म्हणाला.

"कार्ड दुकानदारानं दिलं," अता म्हणाले. "बाप काय देतो?"

त्या घरात हा शब्द दाउरेनसाठी एकोणीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. आणि उच्चारला तो त्यांनी, ज्यांनी तिला कोटात गुंडाळून नेली होती. दाउरेननं खिसे चाचपले. एका खिशात छोटा पेचकस होता, दुसऱ्यात गाडीची किल्ली. द्यावं असं काही नव्हतं. सगळे बघत होते, सामालही बघत होती, आणि त्याला जगात जे एकच नीट विचारता येत होतं ते त्यानं विचारलं.

"पुढं काय करायचंय तुला?" तो म्हणाला. "सांग. लागेल ते सगळं करू आपण."

सामालनं सुऱ्याचं म्यान दोन्ही हातांत धरलं होतं.

"तुझी ती बावीस करायचीयत," ती म्हणाली. "त्यांचे फोटो नाहीत कुणाकडं. कशी दिसायची ते तूच सांगायला हवंस."

लोक जरा सरकले आणि तिच्याशेजारी जागा झाली. दाउरेन जाऊन बसला. विकल्यापासून त्यानं त्या मेंढरांचं नावही काढलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, आता आठवणार नाहीत.

"एक काळ्या तोंडाची होती," त्यानं सुरुवात केली. "गोठ्यात शिरताना ती रोज दाराशी थांबायची. मागं कुणी राहिलं का ते बघायला."